सोळा कोटींची झोळी

मोबाइलवर येणारा तो फोटो आता बहुतेकांच्या ओळखीचा झाला आहे. नाकात नळी घातलेले, टकमक पाहणारे वर्ष-सव्वा वर्षाचे बाळ. खाली सोळा कोटी रुपयांचा आकडा आणि त्याखाली पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड. ‘जमेल तेवढे द्या, नाही जमले तर निदान हा निरोप पुढे पाठवा,’ अशी विनंती. सोसायटीच्या, शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांच्या, भजनी मंडळाच्या, गणेशोत्सव मंडळाच्या व्हॉट्सॲप गटांतून हा निरोप फिरत राहतो. कोणी शंभर रुपये पाठवतो, कोणी पाचशे, कोणी हात जोडल्याचे चिन्ह टाकून पुढच्या निरोपाकडे वळतो. २०२१ मध्ये महाराष्ट्रात अशा मोहिमांची मोठी चर्चा झाली. काही कुटुंबांनी ती अशक्य वाटणारी रक्कम खरोखर उभी केली, औषध परदेशातून आले, बाळांना ते मिळाले. काही बाळे सावरली. काहींच्या बाबतीत औषध मिळूनही शेवट दुःखद झाला. आणि काहींच्या बाबतीत आकडा गाठण्याआधीच वेळ संपली.

वेब तंत्रज्ञानाने आणि समाजमाध्यमांनी आरोग्यसेवा कशी बदलली, असे विचारले की आपल्याला ई-संजीवनीवरून मिळणारा डॉक्टरांचा सल्ला, घरपोच येणारी औषधे किंवा कोविनवर नोंदवलेली लस आठवते. ते बदल मोठेच आहेत. पण त्याहून अवघड प्रश्न विचारणारा बदल या फोटोत आहे. जगातले सर्वांत प्रगत जैवतंत्रज्ञान एका बाजूला आणि सांगलीतले, नांदेडमधले किंवा सावंतवाडीतले साधे पगारदार घर दुसऱ्या बाजूला. या दोघांना जोडणारा पूल म्हणून आज समाजमाध्यम उभे आहे. तो पूल किती भार पेलू शकतो, कोण त्यावरून पलीकडे जातो, कोण अलीकडेच राहतो आणि मुळात तो बांधण्याची जबाबदारी कोणाची होती, याचा विचार शांतपणे करण्याची वेळ आली आहे.

आधी आजार समजून घेऊ. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, म्हणजे एसएमए, हा आनुवंशिक आजार आहे. मेंदूने दिलेला हालचालीचा आदेश स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या मज्जारज्जूतल्या चेतापेशींना जिवंत राहण्यासाठी एक प्रथिन लागते. ते तयार करण्याची सूचना ‘एसएमएन-१’ या जनुकात असते. हे जनुक १९९५ मध्ये सापडले. आई आणि वडील या दोघांकडूनही त्याची बिघडलेली प्रत बाळाला मिळाली, तर प्रथिन पुरेसे तयार होत नाही. चेतापेशी मरू लागतात आणि स्नायू दुबळे होत जातात. ‘एसएमएन-२’ नावाचे जवळपास जुळे जनुक थोडेफार प्रथिन बनवते. त्याच्या प्रती किती आहेत, यावर आजाराची तीव्रता बरीचशी ठरते. गंभीर प्रकारात बाळ मान धरत नाही, बसत नाही, पुढे गिळणे आणि श्वास घेणेही कठीण होते. उपचार न मिळाल्यास अशी बहुतेक बाळे दोन वर्षांच्या आत दगावतात किंवा कायमची व्हेंटिलेटरवर जातात. बुद्धी मात्र शाबूत असते. बाळ आईला ओळखते, तिच्याकडे पाहून हसते, फक्त तिच्याकडे झेपावू शकत नाही. सुमारे दहा हजार जन्मांमागे एक, असे या आजाराचे प्रमाण सांगितले जाते. म्हणजे एकेका गावात दुर्मीळ, पण भारतासारख्या देशात दरवर्षी काही हजार घरांचा प्रश्न.

सोळा कोटींचे औषध म्हणजे झोल्जेन्स्मा. कल्पना सांगायला सोपी आहे: जे जनुक बिघडले आहे त्याची चांगली प्रत बाळाच्या पेशींत पोचवायची. ती पोचवण्यासाठी निरुपद्रवी केलेला एक विषाणू वाहन म्हणून वापरला जातो. त्याच्या आतले मूळ साहित्य काढून तिथे एसएमएन-१ ठेवलेले असते. शिरेतून एकदाच, सुमारे तासाभरात औषध दिले जाते. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पहिल्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यातली पंधराही बाळे वीस महिन्यांची होईपर्यंत कायमच्या व्हेंटिलेटरशिवाय जगली होती. पूर्वीच्या, उपचाराविना राहिलेल्या बाळांच्या नोंदींत हे प्रमाण अवघे आठ टक्के होते. पुरेसा डोस मिळालेल्या बारा बाळांपैकी अकरा आधाराशिवाय बसू लागली, दोन चालू लागली. ज्या आजारात डॉक्टर आईवडिलांना ‘घरी न्या, जपा’ एवढेच सांगू शकत, तिथे ही क्रांती होती. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दोन वर्षांखालील मुलांसाठी या औषधाला मान्यता दिली.

त्याच वेळी किंमत जाहीर झाली. २१ लाख २५ हजार डॉलर. त्या काळातले ते जगातले सर्वांत महाग औषध. नोव्हार्टिस कंपनीचे म्हणणे होते की दुसरा उपचार आयुष्यभर घ्यावा लागतो, त्याचा दहा वर्षांचा खर्च याहून अधिक होतो, म्हणून एकदाच द्यायच्या औषधाची ही किंमत रास्त आहे. हा हिशेब विमा असलेल्या श्रीमंत देशांसाठी मांडलेला होता. आपल्याकडे या हिशेबात विमा कंपनी नव्हती, सरकारही नव्हते. होते ते आईवडील, आणि त्यांच्या हातातला फोन. आयात शुल्क आणि जीएसटी धरला तर सोळा कोटींवर आणखी सुमारे सहा कोटींचा भार पडत होता. तो काही प्रकरणांत केंद्राने माफ केला, तोही प्रश्न समाजमाध्यमांवर आणि बातम्यांत गाजल्यावर.

हे सगळे शक्य झाले ते एका दशकात घडलेल्या तीन गोष्टींमुळे. मिलाप २०१० मध्ये आणि मुंबईतून चालणारे केटो २०१२ मध्ये सुरू झाले आणि अनोळखी माणसांकडून ऑनलाइन मदत मागण्याची वाट तयार झाली. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पन्नास-शंभर रुपये पाठवणे चहाचे पैसे देण्याइतके सोपे झाले. स्वस्त डेटामुळे फोन घरोघरी पोचला. पूर्वी दवाखान्याच्या खर्चासाठी दागिना मोडला जाई, शेत गहाण पडे, भाऊबंदांकडे हात पसरला जाई. आता हात पसरण्याचा परीघ सातासमुद्रापार गेला. कॅलिफोर्नियातला मराठी अभियंता आणि लातूरची शिक्षिका एकाच बाळासाठी पैसे पाठवू लागले. यात माणुसकी आहे, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या आईवडिलांनी ही वाट धरली त्यांना दोष देण्याचे तर मुळीच नाही. बाळाचा श्वास मोजत बसलेल्या बापाला धोरणाचे दोष शिकवणे सोपे असते.

पण ही वाट कोणासाठी आहे, हे पाहायला हवे. मोहीम चालवायला चांगले फोटो लागतात, व्हिडिओ लागतो, बहुधा इंग्रजी लागते. कंपनीत काम करणारे मित्र लागतात, एखादा नट किंवा क्रिकेटपटू आपली गोष्ट पुढे पाठवेल अशी ओळख लागते. सर्वांत आधी लागते ते वेळेवर झालेले निदान. मेळघाटातल्या किंवा धडगावच्या बाळाचे स्नायू ढिले पडले आहेत हे कळून, जनुकीय तपासणी होऊन, एसएमए हे नाव हाती येईपर्यंतच कितीतरी महिने जातात. त्या बाळाचा फोटो आपल्या गटात येतच नाही. अमेरिकेत २०१६ ते २०२० या काळातल्या चार लाखांहून अधिक वैद्यकीय लोकवर्गणी मोहिमांचा अभ्यास झाला, तेव्हा ठरवलेली रक्कम गाठू शकलेल्या मोहिमा जेमतेम बारा टक्के निघाल्या. २०२० मध्ये तर सुमारे सोळा टक्के मोहिमांना एक डॉलरही मिळाला नव्हता. जिथे उत्पन्न जास्त तिथे मदतही जास्त, असेच चित्र होते. यशस्वी झालेल्या मोहिमेची बातमी होते. न मिळालेल्या पैशांची बातमी होत नाही. त्यामुळे आपल्याला वाटते तितकी ही झोळी भरत नाही.

दुसरा प्रश्न घड्याळाचा. मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. औषध उरलेल्या पेशी वाचवते, गेलेल्या नाही. लक्षणे दिसण्याआधी औषध मिळालेली बाळे बहुतांशी वयाप्रमाणे वाढताना दिसतात. सहा-आठ महिने उशिरा मिळालेली बाळे जगतात, पण मर्यादांसह. वर्गणी जमवण्यात गेलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या शरीरातून वजा होत असतो. शिवाय औषध देण्याआधी बाळाच्या रक्तात त्या वाहक विषाणूविरोधी प्रतिपिंडे नाहीत ना, हे पाहावे लागते. यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून स्टिरॉइड द्यावी लागतात आणि नंतर अनेक आठवडे तपासण्या कराव्या लागतात. २०२२ मध्ये यकृत निकामी होऊन दोन मुले दगावल्याचे कंपनीनेच जाहीर केले होते. मोहिमेच्या निरोपात या औषधाला ‘जादूचे इंजेक्शन’ म्हटले जाते. डॉक्टरांनी आणि मोहीम चालवणाऱ्यांनी हे चित्र सरळ करायला हवे. कारण पैसे देणाऱ्या लाख माणसांच्या अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत, की त्याच माध्यमावर आईवडिलांना हिशेब विचारणारेही पुढे येतात. मूल गमावलेल्या घराला यासारखी शिक्षा नाही.

तिसरा प्रश्न त्या बाळाचा स्वतःचा. त्याचा चेहरा, आजाराचे नाव, जनुकीय अहवाल, रुग्णालय, आईवडिलांचा फोन नंबर हे सगळे कायमचे जाळ्यात राहते. बाळ मोठे होईल, शाळेत जाईल, नोकरी मागेल, विमा काढेल. तेव्हाही ते सापडेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती बंधनकारक केली आहे. पण उपचाराच्या बदल्यात खासगीपणा द्यावा लागत असेल, तर त्या संमतीला फारसा अर्थ उरत नाही. याच फोटोंवर दुसऱ्याचा क्यूआर कोड चिकटवून पैसे उकळणारे आहेत, हाही अनुभव जुना झाला आहे.

आणि चौथा प्रश्न सगळ्यांत मोठा. दर वेळी सोळा कोटी जमले की ती किंमत थोडी अधिक स्वाभाविक वाटू लागते. ‘इतके का?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. ‘किती कमी पडतात?’ एवढेच विचारले जाते. २०२० च्या सुरुवातीला कंपनीने अन्य देशांतल्या बाळांसाठी वर्षाला शंभरपर्यंत डोस मोफत देण्याची योजना सुरू केली. ते कोणाला मिळणार हे सोडतीने ठरणार होते. त्यावर रुग्णसंघटनांनी टीका केली, आणि ती योग्य होती. पण लोकवर्गणी हीदेखील एक सोडतच आहे. फरक इतकाच, की या सोडतीत चिठ्ठ्या सारख्या नसतात.

आपल्या सरकारने काय केले? मार्च २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आले. त्यात आजारांचे तीन गट केले गेले. एसएमए तिसऱ्या गटात गेला, म्हणजे उपचार आहे पण फार महाग आहे असा गट. या गटासाठी सुरुवातीला थेट आर्थिक मदत नव्हती. त्याऐवजी धोरणाने ऑनलाइन पोर्टल उभारून लोकांकडून आणि कंपन्यांकडून देणग्या मागण्याचे ठरवले. म्हणजे आईवडील जे हतबलतेने करत होते, तेच सरकारने धोरण म्हणून लिहून काढले. त्या पोर्टलवर जमलेली रक्कम गरजेच्या मानाने नगण्य राहिली. मे २०२२ मध्ये सर्व गटांतल्या रुग्णांसाठी ठरावीक उत्कृष्टता केंद्रांमधून ५० लाख रुपयांपर्यंत मदत देण्याचे ठरले. मुंबईचे केईएम रुग्णालय अशा केंद्रांपैकी एक. १ एप्रिल २०२३ पासून धोरणात नोंद असलेल्या दुर्मीळ आजारांची वैयक्तिक वापरासाठी आयात केलेली औषधे मूळ सीमा शुल्कातून मुक्त झाली. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा आरोग्य संचालकांचे प्रमाणपत्र पुरते. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण सोळा कोटींच्या औषधापुढे ५० लाख म्हणजे पुराच्या पाण्यात लावलेला मातीचा बांध.

मग समाजमाध्यमांनी फक्त झोळीच दिली का? नाही. याच जाळ्याने आईवडिलांना एकमेकांची गाठ घालून दिली, आणि खरा बदल तिथून आला आहे. इंटरनेटवर एकत्र आलेले रुग्ण विज्ञानाला कशी मदत करू शकतात याची उदाहरणे जुनी आहेत. एएलएस हा प्रौढांमधला चेतापेशींचा जीवघेणा आजार. २००८ मध्ये इटलीतल्या एका छोट्या अभ्यासाने लिथियममुळे तो मंदावतो असे सुचवले. ‘पेशंट्सलाइकमी’ या रुग्णांच्या संकेतस्थळावरील अनेकांनी डॉक्टरांच्या मदतीने लिथियम सुरू केले आणि आपली प्रकृती नियमित नोंदवली. लिथियम घेणाऱ्या १४९ जणांची तुलना त्यांच्यासारख्याच, पण ते न घेणाऱ्या ४४७ जणांशी केली गेली. उपयोग होत नाही, असा निष्कर्ष २०११ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. उत्तर नकारार्थी होते, पण खोटी आशा लवकर संपणे हेही रुग्णांच्या उपयोगाचे असते. २०१४ च्या उन्हाळ्यात डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याची लाट आली तेव्हा अनेकांनी तिला पोरखेळ म्हटले. अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला त्यातून साडेअकरा कोटी डॉलर मिळाले, आणि त्यातला काही भाग ज्या संशोधनाला गेला त्यातून २०१६ मध्ये या आजाराशी संबंधित ‘एनईके-१’ या जनुकाची ओळख पटली. इथे पैसा एका रुग्णाच्या एका डोसासाठी जमला नव्हता. तो सर्वांच्या प्रश्नासाठी जमला होता, म्हणून तो टिकला.

एसएमएच्या बाबतीतही हेच दिसते. २००३ मध्ये लोरेन एंग आणि दिनकर सिंग या पालकांनी न्यूयॉर्कमध्ये एसएमए फाउंडेशन सुरू केले. या संस्थेने पीटीसी थेरप्युटिक्स आणि रोश या कंपन्यांबरोबर केलेल्या कामातून रिस्डिप्लाम हे तोंडाने घेण्याचे औषध आले. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते नवे जनुक देत नाही. ‘एसएमएन-२’ या जुळ्या जनुकाकडून जास्त प्रथिन करवून घेते. ते रोज, आयुष्यभर घ्यावे लागते. भारतात त्याची किंमत बाटलीला सहा लाखांच्या वर होती. वीस किलोंपेक्षा जास्त वजनाच्या रुग्णाला रोज पाच मिलिग्रॅम लागतात. बाटलीत साठ मिलिग्रॅम असतात. म्हणजे बाटली बारा दिवसांत संपते, वर्षाला तीस बाटल्या, खर्च पावणेदोन कोटींच्या पुढे. ही वर्गणी दरवर्षी कोण जमवणार?

भारतातले एसएमएचे रुग्ण आणि पालक इंटरनेटवरून एकमेकांना सापडले, संघटित झाले आणि त्यांनी किमतीचा प्रश्न न्यायालयांपर्यंत नेला. त्याच काळात हैदराबादच्या नॅटको कंपनीने रिस्डिप्लामची स्वस्त आवृत्ती बनवायची तयारी केली. रोशने पेटंटच्या आधारे तिला रोखण्याची मागणी केली. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई नाकारली. ऑक्टोबर २०२५ मध्ये खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. लगेच नॅटकोने औषध बाजारात आणले. किंमत बाटलीला १५,९०० रुपये.

आता पुन्हा हिशेब करू. आठ किलोच्या बाळाला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम या हिशेबाने रोज १.६ मिलिग्रॅम लागतात. बाटली सदतीस दिवस पुरते. वर्षाला सुमारे दहा बाटल्या, म्हणजे १ लाख ६० हजारांच्या आसपास. वीस किलोंपेक्षा जास्त वजनाच्या रुग्णाला वर्षाला पावणेपाच लाख. हा खर्चही सामान्य घराला झेपणारा नाही. पण सरकारच्या ५० लाखांत आता एका रुग्णाचा दहा वर्षांचा उपचार बसू शकतो. जी मदत काल मातीचा बांध वाटत होती, ती आज खरोखर बांध घालू शकते. लाखो फॉरवर्डनी जे साधले नव्हते ते एका पेटंटच्या निकालाने आणि एका स्वदेशी कारखान्याने साधले. अर्थात झोल्जेन्स्मा आणि रिस्डिप्लाम ही वेगळी औषधे आहेत. कोणत्या बाळाला काय द्यावे हे तज्ज्ञ डॉक्टरच ठरवतील. मुद्दा हा, की आजारावरचा उपचार म्हणजे सोळा कोटींचे इंजेक्शनच, हे समीकरण आता खरे राहिलेले नाही. अनेक निरोप मात्र अजून तेच सांगत फिरतात.

असाच दुसरा धडा मुंबईतच आहे. रक्ताच्या काही कर्करोगांवर रुग्णाच्याच पेशींत बदल करून त्या परत देण्याचा कार-टी हा उपचार अमेरिकेत तीन-चार कोटी रुपयांना पडतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल रुग्णालयाने मिळून तयार केलेल्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. खर्च अमेरिकेतल्या खर्चाच्या सुमारे एक दशांश. तोही कमी नाही, पण तो विमा, ट्रस्ट आणि सरकारी योजनांच्या आवाक्यात येऊ शकणारा आहे.

हा धडा लवकर गिरवायला हवा, कारण पुढची लाट दारात आहे. गडचिरोली, नंदुरबार, अमरावतीच्या आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सिकलसेलवर जनुक-संपादनाच्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. किंमत २२ लाख डॉलर. देशातल्या लाखो सिकलसेल रुग्णांसाठी वर्गणीची झोळी फिरवणार आहोत का? त्यांच्यातल्या किती जणांचे फोटो आपल्या फोनवर येतील? दिल्लीतल्या आयजीआयबी संस्थेत यावर स्वदेशी उपचार विकसित होत आहे. त्याला लागणारा पैसा आणि चाचण्यांची सोय वेळेवर मिळणे, हे हजारो मोहिमांपेक्षा मोलाचे ठरेल.

काय करता येईल हे अस्पष्ट नाही. पहिले म्हणजे प्रतिबंध. साधारण दर ४० ते ६० माणसांमागे एक जण एसएमएचा वाहक असतो, आणि त्याला स्वतःला काहीच त्रास नसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते. रक्ताच्या एका तपासणीने हे कळते. ज्या घरात एक मूल या आजाराने गेले आहे, तिथे पुढच्या गरोदरपणाआधी समुपदेशन आणि तपासणी मोफत मिळालीच पाहिजे. सिकलसेलची लाल-पिवळी कार्डे आपल्या आशाताई गावोगाव समजावतात. वाहक म्हणजे काय हे महाराष्ट्राला नव्याने शिकवायचे नाही. दुसरे, नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर एसएमएची तपासणी. अमेरिकेने २०१८ मध्ये तिची शिफारस केलेल्या यादीत समावेश केला. आपल्याकडे निदान वैद्यकीय महाविद्यालयांपासून सुरुवात व्हावी. तिसरे, सर्व रुग्णांची एक राष्ट्रीय नोंदवही आणि त्या आकड्याच्या बळावर कंपन्यांशी एकत्रित खरेदीची बोलणी. एकेकटे आईवडील किंमत ठरवू शकत नाहीत, हजारो रुग्णांच्या वतीने बोलणारे सरकार ठरवू शकते. चौथे, निधी उभारणाऱ्या संकेतस्थळांना नियम: पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जावेत, कापून घेतलेले शुल्क दिसावे, उरलेल्या रकमेचे काय होणार हे आधीच लिहिलेले असावे, आणि मोहीम संपल्यावर बाळाचा फोटो व अहवाल काढून टाकण्याचा हक्क पालकांना असावा.

आणि आपण? पुढच्या वेळी असा निरोप आला तर तो तपासून पाहू. रुग्णालयाचे नाव आणि खर्चाचे पत्र आहे का, पैसे कोणाच्या खात्यात जाणार, क्यूआर कोड मूळ मोहिमेच्या पानावरचाच आहे ना, एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात. कुटुंब ओळखीचे असेल तर सर्वांत आधी विचारायची गोष्ट वेगळीच आहे: उत्कृष्टता केंद्रात नाव नोंदवले का, स्वस्त झालेल्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलणे झाले का? पैशांआधी ही माहिती पोचली तर बाळाचे काही आठवडे वाचतील.

मग शक्य असेल तर पैसेही द्यावेत. शंभर रुपये पाठवणारा हात चांगलाच असतो. पण त्याच हाताने कधीतरी आपल्या आमदार-खासदारालाही विचारावे, की नवजात तपासणी आपल्या जिल्ह्यात कधी सुरू होणार आणि दुर्मीळ आजारांचा निधी किती खर्च झाला. एका बाळाच्या फोटोने हळहळणारा समाज ज्या दिवशी फोटो न आलेल्या बाळांबद्दलही बोलू लागेल, त्या दिवसापासून ही झोळी हळूहळू रिकामी ठेवता येईल.